विद्यापीठातला सुपरवायझर कायद्याने सुपरवायझर आहे का? अमेरिकी श्रमकायद्याची कसोटी, पायरी-पायरीने

अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठात युनियनसाठी सह्या गोळा व्हायला लागल्या की बहुतेकदा एचआरकडून एक सभ्य भाषेतला ईमेल येतो. त्यात कुठेतरी मध्यावर एक वाक्य असतं: काही पदं पर्यवेक्षणाची असल्यामुळे ती प्रस्तावित युनिटमध्ये, म्हणजे युनियन ज्यांच्या वतीने वाटाघाटी करणार त्या गटात, येत नाहीत. हे वाक्य वाचून गप्प बसणाऱ्यांत आपली मराठी मंडळीही असतात. कोणी लॅब मॅनेजर असतं, कोणी सीनियर पोस्टडॉक, कोणी ग्रंथालयात काउंटर सांभाळणारं, कोणी आयटीत टीम लीड. ‘माझ्या हाताखाली दोन मुलं आहेत, म्हणजे मी मॅनेजमेंटमध्ये’ असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलेलं असतं.

असं स्वतःहून ठरवू नका. हाताखाली माणसं असणं आणि कायद्याच्या अर्थाने सुपरवायझर असणं यांत बरंच अंतर आहे. ते मोजायची पद्धत ठरलेली आहे आणि ती कोणालाही शिकता येते. पदनाम, पगार, केबिन, बिझनेस कार्ड यांतलं काहीही तिथे निर्णायक नसतं. विचारायचा मुख्य प्रश्न: हाताखालच्यांवरचा अधिकार तुम्ही प्रत्यक्ष कधी वापरलात, आणि पुढे काय झालं?

आधी हे कळलं पाहिजे की यात पणाला काय लागतं. १९३५ च्या नॅशनल लेबर रिलेशन्स ॲक्टने, म्हणजे एनएलआरएने, कामगारांना संघटना बांधायचा, एकत्र वाटाघाटी करायचा आणि संप करायचा हक्क दिला. तेव्हा फोरमन-सुपरवायझर वेगळे काढलेले नव्हते. मोटारी बनवणाऱ्या पॅकार्ड कंपनीच्या फोरमननी युनियन केली आणि १९४७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौलही दिला. मालकवर्ग खवळला. त्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, टाफ्ट-हार्टली दुरुस्ती करून सुपरवायझरांना कायद्याच्या संरक्षणातून बाहेर काढलं. तेव्हापासून सुपरवायझर युनियनचा सभासद होऊ शकतो, पण त्याला कामगार मानून त्याच्याशी वाटाघाटी करण्याचं बंधन मालकावर नाही. युनियनच्या कामात भाग घेतला म्हणून त्याला काढलं, तर सहसा हा कायदा त्याच्या मदतीला येत नाही. १९८२ च्या पार्कर-रॉब निकालाने थोडे अपवाद ठेवले आहेत. हा कायदा राबवणाऱ्या नॅशनल लेबर रिलेशन्स बोर्डासमोर (एनएलआरबी) साक्ष दिली म्हणून, किंवा मालकाने सांगितलेली बेकायदा गोष्ट करायला नकार दिला म्हणून काढलं, तर दाद मागता येते. त्यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही. म्हणून मोहिमेत उडी घेण्याआधी आपण कुठे बसतो हे पाहून घ्यावं.

पायरी १ : आधी कायदा कोणता ते ठरवा

ही पायरी लोक हमखास गाळतात आणि पुढची सगळी चर्चा वाया जाते.

एनएलआरए खाजगी मालकांना लागू होतो. राज्य सरकारं आणि त्यांच्या संस्था त्यातून वगळलेल्या आहेत, त्यामुळे सरकारी विद्यापीठ म्हटलं की हा कायदा संपला आणि त्या राज्याचा कायदा सुरू झाला. उत्तर कॅरोलायनात हा फरक मोटारीने अर्ध्या तासात पार होतो. चॅपल हिलचं राज्य विद्यापीठ सरकारी आहे आणि तिथे सरकारी मालकाने युनियनशी केलेला करार १९५९ च्या कायद्याने अवैध ठरतो. शेजारी डरहॅममध्ये ड्यूक खाजगी आहे, आणि तिथल्या पीएचडी विद्यार्थ्यांनी २०२३ मध्ये एनएलआरबीच्या निवडणुकीत मतदान करून युनियन आणली. रॅले-डरहॅमच्या गणेशोत्सवात एकाच पंगतीला बसलेल्या दोन पोस्टडॉकना वेगवेगळे कायदे लागू असू शकतात.

जिथे राज्याचा कायदा वाटाघाटी मान्य करतो, तिथेही व्याख्या सारख्या नाहीत. कॅलिफोर्नियात उच्च शिक्षणासाठी १९७९ पासून हीरा नावाचा वेगळा कायदा आहे. तो म्हणतो की ज्याचं काम हाताखालच्या लोकांच्या कामासारखंच आहे, त्याला सुपरवायझर धरू नये. विभागप्रमुख आपल्या विभागातल्या सहकाऱ्यांच्या वतीने जी कामं करतो, केवळ त्यांवरून त्यालाही सुपरवायझर ठरवता येत नाही. इलिनॉयचा शिक्षणक्षेत्राचा कायदा वेळ मोजतो: कामाचा बहुतांश वेळ असे अधिकार वापरण्यात जात असेल तरच माणूस सुपरवायझर. न्यूयॉर्कचा टेलर लॉ तर सुपरवायझरांना सरसकट वगळतच नाही. तो ‘मॅनेजेरियल’ आणि ‘कॉन्फिडेन्शियल’ असे दोन गट बाहेर ठेवतो. म्हणजे एकच काम करणारा माणूस न्यूयॉर्कमधल्या खाजगी कोलंबियात युनिटबाहेर आणि सरकारी सिटी युनिव्हर्सिटीत आत असू शकतो.

धार्मिक संस्थांच्या विद्यापीठांत आणखी एक फाटा आहे. २०२० च्या बेथनी कॉलेज निकालाने बोर्डाने अशा ठिकाणच्या प्राध्यापकांबाबत हात आखडता घेतला.

इथून पुढे खाजगी विद्यापीठ आणि एनएलआरए एवढंच धरून चालतो. व्हिसाचा प्रश्न इथेच मिटवून टाकू. एफ-१, जे-१, एच-१बी यांतलं काहीही असलं तरी सुपरवायझरच्या व्याख्येत त्याने फरक पडत नाही.

पायरी २ : चार वेगळी लेबलं एकत्र कालवू नका

विद्यापीठांत चार शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. ‘एक्झेम्प्ट’ हा त्यातला सर्वांत फसवा. तो ओव्हरटाइमच्या कायद्यातला आहे, म्हणजे फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्टमधला. तिथे ठरावीक पगार, सर्वसाधारण नियमानुसार आठवड्याला किमान ६८४ डॉलर, आणि ठरावीक स्वरूपाचं काम असेल तर मालकाला ओव्हरटाइम द्यावा लागत नाही. त्याचा युनियनच्या हक्काशी संबंध नाही. विद्यापीठातले हजारो एक्झेम्प्ट कर्मचारी युनियनमध्ये आहेत. ‘मी एक्झेम्प्ट आहे, म्हणून मला युनियन नाही’ हे वाक्य कानावर आलं की तिथेच अडवा.

‘मॅनेजेरियल’ म्हणजे संस्थेची धोरणं आखणारा आणि राबवणारा. हा गट कायद्याच्या मजकुरात नाही, न्यायालयांनी घडवला आहे, आणि प्राध्यापकांच्या बाबतीत खरी लढाई इथेच होते. त्याकडे पुढे येऊ. ‘कॉन्फिडेन्शियल’ म्हणजे श्रमसंबंधांची धोरणं ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला त्याच कामात गोपनीय साहाय्य करणारा. नुसत्या गोपनीय फाइली हाताळणारा त्यात येत नाही. विद्यार्थ्यांचे गुण किंवा रुग्णांची माहिती तुमच्याकडे असते म्हणून तुम्ही कॉन्फिडेन्शियल होत नाही.

उरला सुपरवायझर. त्याची व्याख्या कलम २(११) मध्ये आहे.

पायरी ३ : बारा अधिकारांची यादी घ्या आणि प्रत्येकापुढे घटना लिहा

कायद्यात बारा अधिकार मोजून दिले आहेत: कामावर घेणं, बदली करणं, निलंबित करणं, ले-ऑफ देणं, ले-ऑफ दिलेल्याला परत बोलावणं, बढती देणं, काढून टाकणं, काम नेमून देणं, बक्षीस किंवा वाढ देणं, शिस्तीची कारवाई करणं, जबाबदारी घेऊन काम करवून घेणं आणि तक्रारी मिटवणं. यांतलं काही स्वतः न करता परिणामकारक शिफारस केली तरी ती धरली जाते.

या यादीत दोन गोष्टी विरुद्ध दिशेने ओढतात. बारांपैकी एक अधिकारही पुरतो, सगळे लागत नाहीत. त्यामुळे निष्काळजीपणे ‘हो, मीच त्याला घेतलं’ असं म्हणणारा एका वाक्यात अडकतो. पण तो अधिकार खरा असावा लागतो, मालकाच्या हितासाठी वापरलेला असावा लागतो, आणि त्यात स्वतंत्र निर्णयबुद्धी लागलेली असावी लागते. तिन्ही अटी एकाच वेळी.

कागद घ्या, डावीकडे हे बारा अधिकार लिहा आणि प्रत्येकापुढे शेवटची घटना लिहा: कोण, कधी, तुम्ही काय केलंत, वरच्याने काय केलं. घटना आठवत नसेल तर रकाना रिकामा ठेवा. ‘मला अधिकार आहे पण वेळ आली नाही’ असंही घडू शकतं. कायदा अधिकार असण्याला महत्त्व देतो, तो रोज वापरायलाच हवा असं नाही. तरीही तो अधिकार आहे हे ठोस पुराव्याने दाखवावं लागतं. जॉब डिस्क्रिप्शनमधली ‘पर्यवेक्षण करतो’ ही ओळ एकटी पुरत नाही. बोर्ड अशा ओळींना कागदी अधिकार म्हणतं आणि बाजूला ठेवतं.

विद्यापीठात हे रकाने कसे भरतात, ते एका माणसावर पाहू. समजा, बायोलॉजी विभागात एक लॅब मॅनेजर आहे. तिच्याकडे दोन टेक्निशियन आणि चार पदवीपूर्व विद्यार्थी काम करतात. वर प्रयोगशाळेचा प्रमुख, म्हणजे पीआय. नवा टेक्निशियन घ्यायचा होता तेव्हा तिने आलेले अर्ज चाळले, तिघांना झूमवर बोलावलं, पीआय आणि ती दोघं मुलाखतीत बसले आणि शेवटी तिने ‘मला दुसरी मुलगी आवडली’ असं सांगितलं. तिलाच घेतलं. रकान्यात काय लिहायचं? सुनावणीत पुढचे प्रश्न असे येतात. पीआयने मुलाखत घेतली का? घेतली. म्हणजे त्याने स्वतः पारखलं. तुमचं मत त्याने तपासल्याशिवाय मान्य केलं असं कधी झालं? मागच्या वर्षी तिने नापसंत केलेला मुलगा पीआयने घेतला होता, हेही इथेच बाहेर येतं. परिणामकारक शिफारस म्हणजे वरच्याने स्वतंत्र चौकशी न करता मान्य केलेली शिफारस. शिफारस आणि निकाल जुळले एवढ्याने भागत नाही. हा रकाना तिच्या बाबतीत कच्चा आहे.

शिस्तीची कारवाई. एक टेक्निशियन सारखा उशिरा येतो. तिने त्याला बाजूला घेऊन समज दिली, मग पीआयला आणि एचआरला ईमेल केला. एचआरने दोघांशी बोलून लेखी ताकीद दिली. इथे तिने घडलेलं कळवलं, एवढंच. तोंडी समज जर पुढच्या कोणत्याही शिक्षेचा पाया ठरत नसेल, तर ती कायद्याच्या अर्थाने शिस्तीची कारवाईही नाही. उलट, विद्यापीठाच्या नियमात तोंडी ताकीद ही पहिली पायरी असेल, ती तिने कोणाला न विचारता दिली असेल, तिची नोंद फाइलमध्ये गेली असेल आणि दुसऱ्या चुकीला तीच धरून निलंबन झालं असेल, तर रकाना पक्का भरतो.

वार्षिक मूल्यमापन हा विद्यापीठातला आवडता पुरावा. ‘ती रिव्ह्यू लिहिते, म्हणजे सुपरवायझर.’ मूल्यमापन हा शब्द बारांच्या यादीत नाही. तिने दिलेल्या रेटिंगवरून पगारवाढ थेट ठरत असेल, म्हणजे ‘उत्तम’ दिलं की ठरलेली टक्केवारी आपोआप लागत असेल, तर ते बक्षीस देण्यात येतं. रेटिंग वर जाऊन डीन सगळ्यांना सारखीच वाढ देत असेल, तर त्या फॉर्मला कायद्यात फारसं वजन नाही. टाइमशीट मंजूर करणं तर बहुतेकदा निव्वळ कारकुनी. वर्कडे या एचआर सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबायचं काम आहे ते.

एच-१बी किंवा ग्रीन कार्डच्या अर्जासाठी विद्यापीठाने तुमच्या कामाचं पत्र लिहिलेलं असतं आणि त्यात ‘दोन संशोधन सहायकांचं पर्यवेक्षण’ असं ठसठशीत नोंदवलेलं असतं. तोही कागदच. मोहीम सुरू झाली म्हणून ते पत्र बदलून मागायला जाऊ नका. प्रत्यक्षात काय होतं ते सांगा. लिंक्डइनवर मात्र स्वतःच ‘पाच जणांच्या टीमचं नेतृत्व’ असं मिरवलं असेल, तर ते पान सुनावणीत समोर येऊ शकतं. पदनामाचं आपल्याला भारी अप्रूप, त्याची ही किंमत.

पायरी ४ : काम नेमून देणं आणि करवून घेणं यांवर जास्त वेळ घालवा

कामावरून काढणं, बदली, ले-ऑफ हे विद्यापीठात एचआर आणि डीनच्या हातात असतं, त्यामुळे वाद तिथे क्वचितच होतो. तो होतो दोन अधिकारांवर: काम नेमणं आणि जबाबदारीने करवून घेणं. या दोन्हींचा अर्थ बोर्डाने २००६ मध्ये ओकवूड हेल्थकेअर प्रकरणात लावला. ते प्रकरण रुग्णालयातल्या चार्ज नर्सचं, म्हणजे पाळीतल्या इतर नर्सना काम वाटणाऱ्या नर्सचं, होतं, तरी विद्यापीठाचे वकील आजही तेच उघडून बसतात.

काम नेमणं म्हणजे माणसाला जागा देणं, वेळ किंवा शिफ्ट देणं, किंवा मोठी, एकूण जबाबदारी सोपवणं. ‘ते ऑटोक्लेव्ह आज तू लाव’ असं एखादं सुटं काम सांगणं त्यात येत नाही. आपली लॅब मॅनेजर सोमवारी सकाळी पांढऱ्या फळ्यावर उंदरांच्या पिंजऱ्यांची पाळी लिहिते, आळीपाळीने. कोण कोणत्या प्रकल्पावर हे मात्र पीआय ठरवतो. इथे नेमणूक तिची नाही, वाटप तिचं आहे, आणि तेही चक्राकार. पण पीआय सहा महिने सबॅटिकलवर गेला, नवा प्रकल्प आला आणि कोणाला त्यावर लावायचं हे तिने प्रत्येकाचं कौशल्य तोलून ठरवलं, तर तीच नेमणूक वेगळी दिसू लागते. ओकवूडमध्ये काही कायमच्या चार्ज नर्स सुपरवायझर ठरल्या त्या याच कारणाने. रुग्णाची गरज आणि नर्सचं कौशल्य त्या स्वतःच्या डोक्याने जुळवत होत्या.

काम करवून घेण्यात ‘जबाबदारी’ हा शब्द महत्त्वाचा. हाताखालच्याने चूक केली तर त्याचा फटका तुम्हाला बसतो का? तुमच्या स्वतःच्या कामगिरीचा नव्हे, त्याच्या कामाचा. ओकवूडच्याच दिवशी निकाली निघालेल्या गोल्डन क्रेस्ट प्रकरणात चार्ज नर्सच्या मूल्यमापन फॉर्मवर ‘सहायकांना नीट मार्गदर्शन करते का’ असा रकाना होता. पण त्या रकान्यामुळे कोणाचं काही बरंवाईट झालं, किंवा होणार होतं, हे दिसलं नाही. म्हणून ते पुरलं नाही. विद्यापीठात विचारायचा प्रश्न तसाच: टेक्निशियनने पेशींची बॅच खराब केली तेव्हा मॅनेजरची वाढ रोखली का? ताकीद मिळाली का? निदान तसं होईल असं तिला स्पष्ट सांगितलं होतं का? बहुतेक लॅबमध्ये पीआय वैतागतो, टेक्निशियनला बोलतो आणि विषय संपतो.

पायरी ५ : निर्णय स्वतंत्र होता की ठरीव

पूर्वी बोर्ड म्हणायचं की व्यावसायिक आपल्या तज्ज्ञतेतून दुसऱ्याला मार्गदर्शन करतो ते स्वतंत्र निर्णयात धरायचं नाही. २००१ मध्ये केंटकी रिव्हर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ही सवलत काढून घेतली. विद्यापीठासारख्या ठिकाणी, जिथे निम्मे लोक कसले ना कसले तज्ज्ञ, हा निकाल झोंबणारा आहे. पण त्याच निकालात कर्मचाऱ्याच्या कामाची एक गोष्टही पक्की झाली: एखादा माणूस सुपरवायझर आहे असा दावा जो करतो, सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर. बहुतेकदा दावा विद्यापीठाचा असतो. पुरावा अर्धवट किंवा मोघम असेल तर तो दावा करणाऱ्याच्या विरुद्ध धरला जातो.

स्वतंत्र निर्णय म्हणजे दोन-तीन पर्याय तोलून, दुसऱ्याच्या ताब्यात न राहता निवडणं. सविस्तर नियमावली, वरच्याचे तोंडी आदेश किंवा युनियनचा करार यांनी उत्तर आधीच बांधून दिलं असेल, तर निर्णय स्वतंत्र नाही. ज्येष्ठतेनुसार सुट्ट्या देणं, कामाचा भार सगळ्यांत सारखा वाटणं, एकच माणूस मोकळा आहे म्हणून त्याला पाठवणं, हे सगळं ठरीव.

पायरी ६ : अधिकार नेमका कोणावर आहे ते पाहा

कायद्यातला अधिकार ‘कर्मचाऱ्यांवर’ असावा लागतो. वर्गात विद्यार्थ्यांना शिकवणं, त्यांचे पेपर तपासणं, प्रबंधाला मार्गदर्शन करणं हे अध्यापन आहे, पर्यवेक्षण नव्हे. पण २०१६ च्या कोलंबिया निकालानंतर पगारी टीए (टीचिंग असिस्टंट) आणि रिसर्च असिस्टंट हेही कर्मचारी धरले जातात. त्यामुळे हेड टीए, किंवा ग्रंथालयात रात्रपाळीच्या विद्यार्थी कामगारांकडे पाहणारा कर्मचारी, यांच्याबाबतचा प्रश्न खरा झाला आहे.

इथे विद्यापीठांसाठीच घडलेला एक धागा आहे. १९७२ च्या अडेल्फी निकालापासून बोर्ड पन्नास टक्क्यांचा नियम लावत असे: युनिटबाहेरच्या लोकांवर देखरेख करण्यात निम्म्याहून कमी वेळ जात असेल तर माणूस युनिटमध्ये राहतो. १९८९ मध्ये डेट्रॉइट कॉलेज ऑफ बिझनेस प्रकरणात बोर्डाने हा नियम फारच यांत्रिक म्हणून टाकून दिला. आता पाहतात की ही देखरेख माणसाला व्यवस्थापनाच्या इतकी जवळ नेते का, की युनिटमधल्या इतरांपासून तो वेगळाच पडावा. माझ्या मते पन्नास टक्क्यांचा नियम ओबडधोबड असला तरी सामान्य कर्मचाऱ्याला समजणारा होता. आताच्या कसोटीत वकिलाला खेळायला जागा जास्त. त्यामुळे ग्रंथालयातल्या माणसाने विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकात, भरतीत आणि काढण्यात आपला नेमका हात किती, हे आठवड्याच्या तासांत लिहून ठेवावं.

कधी मॅनेजर म्हणून, कधी साध्या पाळीवर असं आलटूनपालटून काम करणाऱ्यांसाठी बोर्डाने वेगळं माप दिलं आहे. तो अधिकाराचा काळ नियमित असावा आणि एकूण कामाच्या निदान १० ते १५ टक्के असावा. बॉस सुट्टीवर गेला म्हणून वर्षातून एकदा आठवडाभर जागा सांभाळली, तर त्याने कोणी सुपरवायझर होत नाही.

प्राध्यापक असाल तर हा भाग वेगळा वाचा

पूर्णवेळ प्राध्यापकांच्या बाबतीत विद्यापीठं ‘सुपरवायझर’ हा मुद्दा क्वचितच पुढे करतात. त्यांच्या हाती १९८० चा येशिवा विद्यापीठाचा निकाल असतो. सर्वोच्च न्यायालयाने, तिथेही ५ विरुद्ध ४, म्हटलं की येशिवात कोणता अभ्यासक्रम चालवायचा, कधी, कोणाला शिकवायचं, गुण कसे द्यायचे, कोणाला प्रवेश द्यायचा, हे प्राध्यापकच ठरवतात, म्हणून ते मॅनेजेरियल आहेत. त्यानंतर खाजगी विद्यापीठांत पूर्णवेळ प्राध्यापकांच्या युनियनला मोठी खीळ बसली. मला न्यायमूर्ती ब्रेनन यांचं विरोधी मत आजही जास्त पटतं. प्राध्यापक समितीत मत देतो ते आपल्या विद्येच्या बाजूने, मालकाचा प्रतिनिधी म्हणून नव्हे, असं त्यांचं म्हणणं. पण कायदा बहुमताचा.

२०१४ मध्ये पॅसिफिक लुथरन निकालात बोर्डाने पाच क्षेत्रं पाहायची पद्धत घालून दिली. त्यात अभ्यासक्रम, प्रवेशसंख्येचं धोरण आणि पैसा यांना जास्त वजन, तर शैक्षणिक नियम आणि नेमणुकांना कमी. अधिकार नुसता नियमावलीत नको, प्रत्यक्ष परिणामकारक हवा. कंत्राटी आणि अर्धवेळ शिक्षकांना याचा फायदा झाला. बोर्डाचं म्हणणं होतं की अशा उपगटाला मॅनेजेरियल धरायचं तर समितीत त्याचं बहुमत हवं. २०१९ मध्ये यूएससीच्या (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) प्रकरणात डी.सी. सर्किट या संघीय अपील न्यायालयाने एवढा भाग फेटाळला, आणि २०२१ मध्ये एलॉन विद्यापीठाच्या प्रकरणात बोर्डाने ते मान्य केलं. आता पाहतात की कंत्राटी शिक्षकांना त्या समित्यांत खऱ्या अर्थाने सामील केलं जातं का. तुम्ही ॲडजंक्ट, म्हणजे कंत्राटी अर्धवेळ शिक्षक, असाल तर कोणत्या समितीवर बसता, मताचा हक्क आहे का, त्या कामाचे पैसे मिळतात का आणि पुढच्या सत्रात तुम्ही असणार की नाही, हे लिहून ठेवा.

आपल्याकडच्या कायद्याची सवय असलेल्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. भारतात औद्योगिक विवाद कायद्याखाली सुपरवायझर ठरवताना पगाराची मर्यादाही पाहत आणि शिक्षक मुळात ‘वर्कमन’ नाही असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सांगितलं. अमेरिकेत शिक्षक असणं आड येत नाही आणि पगाराचा आकडा व्याख्येत नाही. दीड लाख डॉलर मिळवणारा आयटी इंजिनियर कामगार असू शकतो आणि जेवणघरातला तासाच्या पगारावरचा लीड सुपरवायझर ठरू शकतो.

पायरी ७ : कागद जमवा, मग तोंड उघडा

आपल्या रकान्यांना आधार देणारे ईमेल, वेळापत्रकं, मुलाखतीची निमंत्रणं, ताकीदपत्रांवर सही कोणाची, वाढीची पत्रं, हे तारखेनुसार लावा. जे पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे तेवढंच घ्या. दुसऱ्याच्या गोपनीय फाइली घरी नेऊन स्वतःलाच अडचणीत आणू नका. पदनाम, इतरांपेक्षा जास्त पगार, मॅनेजरांच्या बैठकीला हजेरी हे दुय्यम पुरावे आहेत. बारांपैकी एकही अधिकार सिद्ध झाला नाही, तर हे सगळे मिळूनही पुरत नाहीत.

खात्री होईपर्यंत सह्या गोळा करायला पुढे होऊ नका, हेही सांगायला हवं. तुम्ही खरोखर सुपरवायझर निघालात तर नुकसान तुमच्यापुरतं राहत नाही. सुपरवायझरने हाताखालच्यांवर युनियनसाठी दबाव आणला असं ठरलं तर जिंकलेली निवडणूकही रद्द होऊ शकते. २००४ च्या हार्बरसाइड निकालाचा रोख तोच आहे. आणि उलट दिशेने, सुपरवायझरने मालकाच्या बाजूने दिलेली धमकी विद्यापीठाच्या अंगावर येते.

पायरी ८ : बोर्डासमोर हा प्रश्न कधी सुटतो

युनियनने किमान ३० टक्के लोकांच्या सह्यांसह अर्ज केला की एनएलआरबीचं प्रादेशिक कार्यालय सुनावणी लावतं, २०२३ च्या नियमांनुसार नोटीस दिल्यापासून साधारण आठ दिवसांत. विद्यापीठाला आधी लेखी म्हणणं द्यावं लागतं आणि त्यात कोणाला सुपरवायझर म्हणून वगळायचं ते सांगावं लागतं. ती यादी मागून घ्या. तुमचं पद त्यात आहे का आणि कोणत्या अधिकाराच्या आधारावर, ते तिथे कळतं. पुष्कळदा दोन्ही बाजू सौदा करून काही पदं सोडून देतात. लॅब मॅनेजर बाहेर, ग्रंथालय आत, असं. आपलं पद असं परस्पर सोडलं जाऊ नये म्हणून आपले रकाने युनियनच्या वकिलाकडे सुनावणीच्या आधी पोहोचवा. नंतर काही उपयोग नाही.

वाद थोड्याच लोकांबद्दल असेल तर प्रादेशिक संचालक तो मागे ठेवून निवडणूक घेऊ शकतो. मग मतदानाच्या दिवशी तुम्ही जायचं. यादीत नाव नसलं किंवा कोणी हरकत घेतली तर तुमची मतपत्रिका वेगळ्या पाकिटात जाते. परत फिरू नका, मत द्या. अशी वादग्रस्त मतं निकाल फिरवण्याइतकी असतील तरच ती उघडायची की नाही यावर निर्णय होतो. निकाल आधीच स्पष्ट असेल तर ती तशीच राहतात, आणि तुमचं पद युनिटमध्ये आहे की नाही हे वाटाघाटीत किंवा ‘युनिट क्लॅरिफिकेशन’च्या वेगळ्या अर्जाने ठरतं. हा अर्ज मुख्यतः नव्या पदांसाठी किंवा काम बरंच बदललेल्या पदांसाठी असतो. वर्षानुवर्षं उघडपणे बाहेर ठेवलेलं पद कराराच्या मध्येच त्यातून आत आणता येत नाही.

दरम्यान युनियनचं काम केलं म्हणून तुमच्यावर कारवाई झाली आणि विद्यापीठ म्हणू लागलं की ‘हे तर सुपरवायझर आहेत’, तर घटनेपासून सहा महिन्यांच्या आत प्रादेशिक कार्यालयात तक्रार दाखल करावी लागते. फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. पायरी ३ चा तो कागद तक्रारीबरोबर घेऊन जा.